चंद्रावर माणूस उतरला का, हे स्वतः तपासायचं असेल तर

कुणी म्हणालं की चंद्रावर माणूस गेलाच नव्हता, सगळं स्टुडिओत शूटिंग केलं, तर लगेच झेंड्यावर आणि सावल्यांवर वाद घालत बसू नका. आधी एवढंच विचारा, "काय दाखवलं म्हणजे पटेल तुम्हाला?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा. बहुतेक वेळा उत्तर येतं ते असं : "नासा सोडून दुसऱ्या कुणाचा पुरावा असेल तर बोला." ही मागणी रास्त आहे आणि ती पूर्णही करता येते.

मी साताऱ्यात खाजगी सर्व्हेअर आहे. रस्ते, पाइपलाइन, प्लॉटिंग, शेताच्या हद्दी ही माझी रोजची कामं. बांधावरून दोन भाऊ समोरासमोर उभे असले की आम्ही एकाच्याही सांगण्यावरून मोजायला सुरुवात करत नाही. दोघांनाही मान्य असलेली जुनी खूण आधी शोधायची आणि तिथून मोजत यायचं. चंद्राच्या वादातही मी तेच करतो. अमेरिकेला खोटं पाडण्यात ज्यांचा फायदा होता, किंवा जे अमेरिकेचं काही देणं लागत नाहीत, त्यांनी काय मोजलं ते आधी बघायचं.

प्रिझम हातात घ्या

टोटल स्टेशनवर, म्हणजे अंतर आणि कोन मोजायच्या मशीनवर, काम चालू असताना समोर एक जण दांडीवर प्रिझम धरून उभा असतो. मशीनमधून निघालेला किरण प्रिझमपर्यंत जातो, आला त्याच वाटेनं परत येतो आणि त्यावरून अंतर निघतं. हा प्रिझम म्हणजे काचेच्या ठोकळ्याचा कापलेला कोपरा. त्याच्या तीन बाजू एकमेकींना काटकोनात असतात. किरण थोडा तिरका आला तरी तीन बाजूंवर आपटून तो बरोबर उलट दिशेला निघतो. म्हणून दांडी धरणाऱ्यानं प्रिझम जरा वाकडा धरला तरी रीडिंग येतं. साधा आरसा असता तर किरण भलतीकडेच गेला असता.

कोरेगावकडच्या एका शेतात मोजणी चालू असताना मालक तात्या म्हणाले, "साहेब, चंद्रावर मानूस गेला ह्ये काय मला पटत न्हाई. समदं पिच्चरवानी केलंय." मी जादाचा प्रिझम त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "तात्या, एक डोळा मिटा आणि आत बघा." आत त्यांना स्वतःचाच उघडा डोळा दिसला, बरोब्बर मधोमध. "आता प्रिझम हळूहळू तिरका करा." त्यांनी डावीकडे वळवला, उजवीकडे वळवला, वर केला. डोळा मध्येच. "हलत न्हाई की ह्यो!" म्हणाले.

प्रिझम मिळाला नाही तर सायकलच्या मागचा लाल रिफ्लेक्टर घ्या. जवळून बघितलात तर आत बारीक बारीक घरं दिसतील, त्यातलं प्रत्येक घर म्हणजे एक छोटा प्रिझम. रात्री अंगणाच्या टोकाला तो ठेवा, शंभर फूट मागे या आणि टॉर्च डोळ्यालगत कानशिलाशी धरून त्यावर मारा. रिफ्लेक्टर पेटल्यासारखा दिसेल. आता टॉर्च तशीच त्याच्यावर रोखून हात बाजूला लांब करा. चमक पार उतरेल, कारण उजेड परत टॉर्चकडे जातोय, तुमच्या डोळ्याकडे नाही. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्यांमागचे रिफ्लेक्टर गाडीच्या दिव्यात जे चमकतात ते याच गुणामुळे. हा प्रयोग समोरच्या माणसाला स्वतःच्या हातानं करू द्या. पुढचं समजायला तो लागतो.

असेच शंभर प्रिझम एका चौकटीत बसवून अपोलो-११ मोहिमेच्या आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी जुलै १९६९ मध्ये चंद्रावर ठेवले. प्रत्येक प्रिझम ३.८ सेंटिमीटर व्यासाचा. १ ऑगस्ट १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेला त्यांच्यावरून परतलेला लेझरचा उजेड मिळाला. अपोलो-१४ नं आणखी शंभर ठेवले, अपोलो-१५ नं तीनशे. ते अजून काम देतात. फ्रान्समधल्या ग्रासजवळची, इटलीतल्या मातेराची आणि जर्मनीतल्या वेट्झेलची केंद्रंही त्यांच्यावर लेझर मारून चंद्राचं अंतर मोजतात. किरणाला जाऊन यायला अडीच सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटरनं आपल्यापासून लांब सरकतोय हा आकडा याच मोजणीतून पक्का झाला.

इथे एक शंका हमखास येते आणि ती चांगली शंका आहे. "प्रिझम नसतानाही चंद्रावरून लेझर परत येतो, १९६२ साली आला होता." खरं आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या लोकांनी तो प्रयोग केला होता. पण पृथ्वीवरून निघालेला किरण चंद्रावर पोचेपर्यंत दोनेक किलोमीटर रुंद पसरलेला असतो. उघड्या जमिनीवरून परत येणारा उजेड टेकडी-खड्ड्यांमुळे पुढे-मागे विस्कटून येतो. प्रिझमवरून येणारा एकदम आखीव येतो, मिलिमीटरांत अंतर सांगण्याइतका. दुर्बीण त्या जागेवरून काही किलोमीटर बाजूला वळवली की तो आखीव ठोका गायब. आमच्या मशीनवरही प्रिझमशिवाय मोजायची सोय असते. भिंतीवर मारलेलं रीडिंग आणि प्रिझमवरचं रीडिंग यांतला फरक रोज बघणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र प्रिझमवरून जेवढं सिद्ध होतं तेवढंच म्हणा. सोव्हिएत युनियननं लूनोखोद-१ आणि लूनोखोद-२ या बिनमाणसाच्या गाड्यांवर फ्रान्सनं बनवलेले प्रिझम पाठवले होते, आणि तेही उत्तर देतात. आपल्या चांद्रयान-३ च्या विक्रम लँडरवरही एक छोटा प्रिझमसंच आहे. १२ डिसेंबर २०२३ ला चंद्राभोवती फिरणाऱ्या नासाच्या एलआरओ यानानं त्याच्यावर लेझर मारला आणि तो परत आला. म्हणजे प्रिझम आहे म्हणून माणूस गेला, असं म्हणता येत नाही. अपोलोनं सांगितलेल्या जागी सांगितलेली वस्तू आहे, एवढं नक्की होतं. माणूस गेल्याचा पुरावा हवा तर पुढे चला.

दगड

माझ्या मते सगळ्यात भक्कम पुरावा हा. आणि तो समजून घ्यायला सातारकराइतकी सोय कुणाची नाही, कारण आपण बसाल्टवरच राहतो.

आपला सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. चंद्रावरचे काळे डाग म्हणजेही लाव्हाच, बसाल्टच. आता कुठेही नवी विहीर खोदत असतील तिथला वर आलेला दगड हातात घ्या. त्यात बुडबुड्यांची भोकं असतात आणि पुष्कळ भोकांत पांढरे, कधी हिरवट स्फटिक भरलेले दिसतात. लाव्हा थंड झाल्यावर पाणी त्यातून झिरपत राहिलं, त्यानं हे स्फटिक घडवले. मग कासच्या पठारावर जा. पायाखालचा जांभा बघा. तोही मुळात हाच पाषाण, लाखो वर्षांच्या पावसानं कुजलेला, त्यातलं लोखंड गंजून लाल झालेला. पृथ्वीवरच्या दगडावर पाणी आणि हवा सही केल्याशिवाय राहत नाहीत.

अपोलोच्या दगडांवर ती सही नाही. पाण्यानं घडवलेले स्फटिक त्यांत नाहीत. शुद्ध लोखंडाचे बारीक कण आहेत आणि ते तीनशे कोटींहून जास्त वर्षं गंजलेले नाहीत. (पुढे अपोलोनं आणलेल्या काचेच्या मण्यांत पाण्याचा दशलक्षांशांत मोजावा इतका अंश सापडला. तो लाव्हाबरोबर आतून आलेला, पावसाचा नव्हे.) उलट दुसऱ्याच खुणा आहेत. दगडांच्या उघड्या बाजूवर सुईच्या टोकाएवढे आणि त्याहून बारीक खड्डे आहेत, आतून काच झालेले. वाळूच्या कणाहून लहान उल्का प्रचंड वेगानं आदळल्याशिवाय असे खड्डे पडत नाहीत, आणि पृथ्वीवर असे कण हवेतच जळतात किंवा त्यांचा वेग हवेतच मोडतो.

आणखी एक खूण तर आपल्याकडेच तपासली गेली. अवकाशातून येणारे जड, वेगवान कण स्फटिकात घुसले की त्यांची वाट आत उमटते. स्फटिक रसायनात बुडवला की ती वाट सूक्ष्मदर्शकाखाली रेघेसारखी दिसते. दगड किती काळ उघड्यावर पडला होता हे त्या रेघा मोजून आणि त्या किती खोल आहेत हे बघून कळतं. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये देवेंद्र लाल आणि नरेंद्र भांडारी यांनी अपोलोच्या नमुन्यांवर हे काम केलं, आणि पुढे ते अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत चालू राहिलं. कोट्यवधी वर्षांचा हा मारा भट्टीत घालून दगडाला देता येत नाही.

"उल्का म्हणून पडलेले चंद्राचे दगड अंटार्क्टिकातून गोळा केले असतील," असंही म्हणतात. चंद्रावरून आलेली उल्का पहिल्यांदा ओळखली गेली ती १९८२ साली, शेवटच्या अपोलोनंतर दहा वर्षांनी. आणि ओळखली कशी? अपोलोच्या दगडांशी ताडून बघून. शिवाय उल्का हवेतून येताना बाहेरून वितळते, तिच्यावर काळी साल धरते. अपोलोच्या दगडांवर तशी साल नाही.

आता दोघांना मान्य असलेली खूण. सोव्हिएत यान लूना-१६ नं सप्टेंबर १९७० मध्ये १०१ ग्रॅम चांद्रमाती आणली. मॉस्को आणि अमेरिका यांनी एकमेकांना नमुने दिले, दोन्हीकडे तपासले गेले. शीतयुद्ध भरात होतं, खोट निघाली असती तर मॉस्कोनं जगभर दवंडी पिटली असती. पुढे चीनच्या चांग-ई-५ यानानं २०२० मध्ये १,७३१ ग्रॅम नमुने आणले. अमेरिकेच्या कायद्यानं नासाला चीनबरोबर थेट काम करायला अडवलेलं आहे, म्हणजे इथे संगनमताला वाव नाही. तीही माती त्याच घराण्याची निघाली.

अपोलोच्या सहा मोहिमांनी मिळून आणले ३८२ किलो. त्यात साडेअकरा किलोंहून वजनदार एक अखंड धोंडा आहे, आणि अपोलो-१७ नं जमिनीत सुमारे तीन मीटर खोल नळी घालून काढलेला मातीचा गाभा आहे, थरांची उतरंड न बिघडवता. बिनमाणसाच्या तिन्ही सोव्हिएत यानांनी मिळून आणलं ते एका किलोच्या निम्मंही भरत नाही. माणूस गेला होता हे मला इथे दिसतं.

पायवाट

नेटवर एलआरओचा क्विकमॅप हा चंद्राचा नकाशा उघडा, किंवा एलआरओच्या संकेतस्थळावर अपोलो-१४ ची २०११ साली कमी उंचीवरून उडताना काढलेली छायाचित्रं शोधा. यानाचा उरलेला तळभाग, त्याची सावली आणि तिथून निघालेली एक बारीक काळपट रेघ दिसेल. ती ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल यांची पायवाट. हत्यारांचा दोन चाकी गाडा ओढत ते फेब्रुवारी १९७१ मध्ये कोन नावाच्या विवराकडे चढत गेले होते. विवराचा काठ गाठायचा हे त्या दिवसाचं मुख्य काम. जमीन उंचसखल, खूण म्हणून झाड नाही, घर नाही, हवा नसल्यामुळे लांबचं आणि जवळचं सारखंच स्वच्छ दिसतं. आपण नेमके कुठे आहोत यावर दोघांत बोलणं झालं, ते रेडिओवर ध्वनिमुद्रित आहे. वेळ संपली आणि काठ न दिसताच ते परत फिरले.

चाळीस वर्षांनी वरून बघितलं तर ती रेघ काठापासून जेमतेम तीसेक मीटरवर जाऊन वळलेली दिसते. उघड्या माळावर कंट्रोल पॉइंट, म्हणजे जागा पक्की माहीत असलेली खूण, नसताना मी चाललो आहे, म्हणून ही रेघ मला फार बोलते. देखावाच उभा करायचा असता तर कुणीही त्यांना काठावर नेऊन उभं केलं असतं.

"पण एलआरओ नासाचंच." बरोबर, म्हणून इथे थांबू नका. जपानच्या कागुया यानानं २००८ मध्ये अपोलो-१५ च्या परिसराचा उंच-सखलपणा स्वतःच्या कॅमेऱ्यानं मोजला. त्यावरून संगणकानं तिथल्या जमिनीवर उभं राहून दिसेल तसं दृश्य काढलं, ते १९७१ च्या छायाचित्रातल्या डोंगरांशी जुळलं. १९७१ साली इतके बारीक कंटूर, म्हणजे नकाशावरच्या उंचीच्या रेषा, कुणाकडेच नव्हते. हे किती अवघड आहे ते कळायला गच्चीतून अजिंक्यताऱ्याचा फोटो काढा आणि गुगल अर्थवर त्याच जागी उभं राहून बघा. तटाची रेघ, यवतेश्वरकडची उतरण जुळते. जागा अर्धा किलोमीटर बदला, लगेच बिघडते.

आणि आपलं चांद्रयान-२. त्याचा ओएचआरसी कॅमेरा शंभर किलोमीटरवरून पाव मीटरपर्यंतचा तपशील टिपतो. २०२१ साली त्यानं अपोलो-११ च्या जागेचं छायाचित्र घेतलं, त्यात यानाचा तळभाग दिसतो. चांद्रयान-२ ची माहिती इस्रोच्या प्रदान पोर्टलवर नाव नोंदवून कुणालाही उतरवून घेता येते. फायली मोठ्या असतात, वायफाय असेल तिथे बसा.

घड्याळ लावून दोन प्रयोग

पहिला ऐकायचा. अपोलो-११ चं न कापलेलं ध्वनिमुद्रण घ्या. ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातला माणूस बोलला की पुष्कळदा त्याचाच आवाज चंद्रावरच्या माइकमधून परत क्षीण ऐकू येतो. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा : साधारण २.६ सेकंद. ह्यूस्टननं प्रश्न विचारला तर उत्तर त्याआधी कधीच येत नाही. माहितीपटांत मधल्या शांतता कापलेल्या असतात, म्हणून ते वापरू नका. इंग्लंडची जॉड्रेल बँक दुर्बीण त्या दिवसांत अपोलो-११ आणि सोव्हिएत लूना-१५ अशा दोन्ही यानांचे संदेश ऐकत होती. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच, २१ जुलैला, लूना-१५ तिथे कोसळलं.

दुसरा बघायचा. २ ऑगस्ट १९७१ ला अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉटनं एका हातातून हातोडी आणि दुसऱ्यातून ससाण्याचं पीस एकदम सोडलं. हातोडी १.३२ किलोची, पीस ३० ग्रॅमचं. दोन्ही एकदम खाली पोचतात. आपल्याकडे तितक्याच उंचीवरून, म्हणजे १.६ मीटरवरून, हातोडी अर्ध्या सेकंदाहून जरा जास्त वेळात खाली येते. चंद्रावर तिला १.४ सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. मोबाइलवर घरी चित्रण करा आणि दोन्ही चित्रफिती शेजारी लावा. "फिल्म हळू चालवली" असं कुणी म्हणालं तर यूट्यूबवर तीच फीत दुप्पट वेगानं लावायला सांगा. पडणं बरंचसं पृथ्वीसारखं दिसायला लागतं, पण स्कॉटचे हात झटके मारल्यासारखे हलतात. आणि वेग कितीही बदला, हवेत पीस हातोडीबरोबर पडत नाही. त्याचबरोबर अपोलो-१६ च्या गाडीची चाकं उडवतात ती धूळ बघा. ती लोटासारखी तरंगत राहत नाही, प्रत्येक कण कमान काढून खाली येतो. पावसाआधीच्या कच्च्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे बसलेल्याला फरक लगेच कळेल.

राहिलेल्या शंका

झेंड्याच्या वरच्या कडेला आडवी दांडी होती म्हणून तो ताठ, आणि हवा नसल्यानं एकदा हलवला की बराच वेळ हलत राहिला. तारे दिसत नाहीत कारण उन्हातल्या जमिनीला आणि पांढऱ्या पोशाखांना साजेसा झटपट फोटो काढला. पोवई नाक्यावर रात्री दिव्याखाली उभ्या माणसाचा फोटो काढा, वर किती तारे येतात बघा. सावल्या समांतर नाहीत? संध्याकाळी नांगरलेल्या रानात दोन रेंजिंग रॉड, म्हणजे मोजणीचे सरळ दांडे, रोवा. एकाची सावली सरीत उतरते, दुसऱ्याची वरंब्यावर चढते आणि फोटोत दोन्ही दोन दिशांना जातात. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सर्गाच्या व्हॅन ॲलन पट्ट्यांतून यान काही तासांत, दाट भाग टाळून गेलं. मोहिमांत अंतराळवीरांना मिळालेला सरासरी किरणोत्सर्ग सगळ्यात जास्त भरला तो अपोलो-१४ मध्ये, एका रॅडहून (रॅड हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) थोडा जास्त. चंद्रावर पुन्हा माणूस का उतरला नाही, याचं उत्तर पैसा. अपोलो-१८, १९ आणि २० या मोहिमा १९७० मध्येच रद्द झाल्या.

"मग दुर्बिणीतून झेंडा दाखवा" म्हणणाऱ्याला खोटं आश्वासन देऊ नका. हबल दुर्बिणीलाही चंद्रावरची नव्वदएक मीटरहून लहान वस्तू वेगळी दिसत नाही. जागा मात्र दाखवता येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, शुद्ध सप्तमीच्या आसपास, संध्याकाळी यवतेश्वरच्या वर जा, साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) पुरते. उजळलेल्या भागात तीन-चार गडद डाग दिसतील. मधला मोठा तो शांतिसागर, त्याच्या दक्षिण कडेजवळ अपोलो-११ उतरलं : ०.६७ अंश उत्तर, २३.४७ अंश पूर्व. हेच आकडे क्विकमॅपच्या शोधचौकटीत टाका, आणि त्यानंतर अपोलो-१७ चे, २०.१९ उत्तर, ३०.७७ पूर्व. तिथे गाडीच्या चाकांच्या जोडरेघा पायवाटांपासून वेगळ्या ओळखू येतात, बघणाऱ्यालाच शोधू द्या.